हाकेला ओ

व्यसनातून बाहेर पडणाऱ्या पोरांबरोबर मी काम करते. बहुतेक सगळी फॉस्टर केअरमध्ये, परक्यांच्या घरी वाढलेली. आमच्या सेंटरमध्ये एक नियम मी ओरडून, डोकं खाऊन पाळायला लावते: बाथरूमच्या दारावर टकटक झाली की आतून तोंडाने ओ द्यायची. नळ सोडलेला चालत नाही, आतून दार वाजवलेलं चालत नाही. नशेची गोळी काही दिवस बंद असलेल्या शरीराला जुनाच डोस झेपत नाही, आणि श्वास थांबतो तेव्हा आवाज येत नाही.

सेंटरमध्ये आलेली ही मुलगी मात्र आपल्यातली, मराठी घरातली. शुगर लँडसारख्या अमेरिकन उपनगरात भलंमोठं घर, आईवडील दोघंही इंजिनिअर. सेंटरमधून घरी येऊन तिला आठवडाही झाला नव्हता, आणि आईने सत्यनारायण घातला!

"अगं, कॅन्सल कर ना," मी तिच्या आईला फोनवर म्हटलं.

"सगळ्यांना बोलावून झालंय. तूही ये. फक्त काय काम करतेस ते बोलू नकोस."

असा संताप आला म्हणून सांगू! पण गेले. घरी परतल्यानंतरचे हेच दिवस सगळ्यात धोक्याचे असतात.

हॉल माणसांनी भरलेला, पोथी चालू. मुलगी कुठे दिसेना. आईला विचारलं. "कॉलेजला गेलीय," ती चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि डोळ्यांनी जिना दाखवला. मी भराभरा जिना चढले.

वर तिची खोली रिकामी होती. बाथरूमचं दार आतून बंद. टकटक केली. "मी आहे गं. ओ दे."

काही नाही. जोरात वाजवलं. काही नाही. दाराखालून उजेड येत होता, पण सावली हलत नव्हती.  ओव्हरडोस झाला तर श्वास परत आणायला नाकात मारायचा स्प्रे पर्समधून काढून मुठीत धरला. बाई गं, शिव्या घाल मला, पण काहीतरी बोल! शेवटी केसातली पिन लॉकच्या भोकात खुपसून दार उघडलं.

ती टबच्या कडेवर बसली होती. जिवंत. दोन्ही हात तोंडावर गच्च दाबलेले, डोळे वाहत होते.

"मॉम सेड, नॉट अ साउंड," ती कुजबुजली.

मी तिथेच फरशीवर बसकण मारली. हिला मिठी मारावी की खाली जाऊन हिच्या आईच्या थोबाडीत द्यावी, कळेना.

दार वाजवल्याचा आवाज ऐकून आई धावत वर आली. माझ्या हातातला स्प्रे बघून पांढरीफटक पडली.

"तूच तिला गप्प बसवलंस," मी म्हटलं. "उद्या ती खरंच बेशुद्ध पडली, तर मला कसं कळायचं?"

आई रडायला लागली. मुलीच्या शेजारी टेकली, तिचा हात हातात घेतला. चला, समजलं एकदाचं, असं मला वाटलं.

तेवढ्यात जिन्याखालून एका काकूंनी हाक मारली, "अगं, प्रसाद वाटायचा ना? कोण आहे वर?"

"कोणी नाही हो काकू! आले, आले."

आईला क्षणभर थांबावंही लागलं नाही. मुलीने आपला हात सोडवून घेतला. तिला मराठी बोलता येत नाही, पण एवढं कळतं.