गळाच्या काठ्यांचं घर

आमचं घर कसब्यात, नदीकडे उतरणाऱ्या बोळाच्या शेवटाला. घरचे पुरुष पालखीचे भोई. माझे यजमान एका सरदाराच्या पालखीला खांदा देत. एका उन्हाळ्यात घाट उतरताना त्यांचा पाय घसरला. पालखी त्यांनी पडू दिली नाही, पण उजवा खांदा कायमचा गेला. भोयाचा खांदा गेला की पालखी दुसऱ्याकडे जाते, तशी ती गेली. हे बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि एका सकाळी उठून म्हणाले, “मी नाव बांधतो. मासे धरू.”

मासे धरणं आमच्याकडे नवं नव्हतं. माझे सासरे, मामंजी, जन्मभर काठावर बसून गळ टाकत आले होते. पण घरात नाव कधी कुणी बांधली नव्हती. गल्लीतल्या सुताराने फळ्यांचे सांधे कसे जुळवायचे ते दाखवलं, बाकी सगळं यांनी डाव्या हाताने केलं. मी फळ्या धरायची, फटींत काथ्या ठासायची, राळ वितळवून ओतायची. आंब्याच्या लाकडाची ती नाव अंगणात अशी वाढत गेली, की शेवटी तुळशीला प्रदक्षिणा घालायला वाट उरली नाही. पहाटे दार उघडलं की मी जरा थबकायचीच. कालपर्यंत या फळ्या नुसत्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि आज त्यांना पोट होतं, पाठ होती.

अडचण आली ती मामंजींच्या काठ्यांची. गळाच्या तीन काठ्या त्यांनी चुलीवरच्या धुरात वर्षानुवर्षं मुरवल्या होत्या. एक मरळ मासा धरायची, एक वामेची, आणि तिसरी कशाची ते सांगत नसत. शेंडा इतका बारीक, की मासा नुसता हुंगून गेला तरी हाताला कळावं. अशी काठी ओल्यात पडली की जड होते, उन्हात पडली की वाकते. आणि नावेत तर ओलही होती, ऊनही होतं.

यांनी आधी नावेच्या कडेला बेचक्या ठोकल्या आणि काठ्या त्यांवर ठेवल्या. पहिल्याच फेरीत काठावरच्या करंजाची फांदी अडकली आणि वामेच्या काठीचा शेंडा मोडला. मग काठ्या बसायच्या फळीखाली ठेवल्या. तिथे गळ यांच्या टाचेत रुतला.

“ही नाव काठ्यांसाठी बांधलीय की माणसांसाठी?” यांनी टाचेवर हळद दाबत विचारलं.

“माणसांना पोहता येतं,” मामंजी म्हणाले.

दोघं दोन दिशांना तोंडं करून बसले. मी चुलीपाशी होते. मोडका शेंडा मामंजींनी छाटून नवा जोडला होता आणि ती काठी माझ्या डोक्यावर धुरात टांगलेली होती. भाकरी उलटताना पदर लागेल म्हणून मी ती खाली घेतली आणि सहज तिचा शेंडा फुंकणीत खुपसला. भाकरी झाली. काठी वर टांगायला हात लावला आणि हात तसाच राहिला. फुंकणीत शेंडा कसा सुखात बसला होता. ना धक्का, ना ओल, ना ऊन.

“अहो,” मी यांना हाक मारली, “मोठी फुंकणी करता येईल का? नावेइतकी लांब?”

हे आले, वाकून बघत राहिले. मग जेवायचं सोडून तसेच बुरुडांकडे गेले.

मांडवाच्या मेढीला लागतात तसले जाड, सरळ वेळू आणले. ते उभे चिरले, आतले पडदे खरवडून काढले, फक्त टोकाचा एक राखला. मग राळ लावून दोन्ही फाका पुन्हा जुळवल्या आणि अंबाडीच्या दोरीने आवळल्या. उघड्या तोंडाला पांगाऱ्याच्या लाकडाचं बूच, त्याला मेणकापडाची गुंडाळी. असे वेळू नावेच्या दोन्ही कुशींना, आतल्या अंगाने, काठाच्या खाली बांधले. एका बाजूला जास्त झाले तर नाव कलते, म्हणून दोन्हीकडे सारखेच. मामंजींनी काठ्या एकेक करून आत सोडल्या, बूच तळहाताने ठोकलं आणि कान लावून ऐकलं. काय ऐकलं ते त्यांनाच ठाऊक.

श्रावणात मी पहिल्यांदा नावेत बसले. बरेच दिवस पाऊस नव्हता, मुठा गुडघाभर नितळ झाली होती, डोहात मात्र खोल. गावाच्या वरच्या अंगाला एका डोहावर दुपार गेली. मामंजींनी परतायचं म्हणून काठ्या वेळूत घातल्या, बुचं बसवली, आणि तेवढ्यात पाण्याचा रंग बदलला. आधी फेस आला, मग काटक्या, मग तांबडं पाणी. खडकवासल्याच्या वरच्या डोंगरांत कुठेतरी पाऊस कोसळला असणार. आमच्या डोक्यावर ऊन होतं.

“धरून बसा,” मामंजी म्हणाले.

लोंढ्यातून एक ओंडका आला आणि नावेच्या पाठीवर आदळला. पाणी काठावरून आत शिरलं. नाव भरली आणि आमच्याखाली बुडू लागली. पाणी मांड्यांना लागलं, कमरेला लागलं. हे एका हाताने वल्हं आणि दुसऱ्या, दुखऱ्या हाताने माझा दंड धरून होते. आता पायांखाली काही उरणार नाही असं वाटलं, आणि नाव थांबली. खालून कुणी दोन्ही हातांवर तोलून धरावी तशी. पाणी आत तेवढंच, बाहेर तेवढंच, पण काठ बोटभर वरच. आम्ही तिघं त्या भरलेल्या नावेत बसल्या जागी वाहत चाललो होतो. भीती होती, खूप होती. पण तिच्याही वर काहीतरी होतं, ज्याने माझे हात जोडले गेले. कुणाला जोडले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

गावाजवळ पात्र रुंद झालं आणि नाव वाळूला लागली. काठावरच्या कुंभारांनी दोर टाकून ओढून घेतलं.

मामंजी नावेतून उतरेनात. त्यांनी पाण्यात हात घालून वेळू चाचपला. मग बूच उपटलं आणि मरळीची काठी बाहेर काढली. ती कोरडी होती. धुराचा वास तसाच होता. त्यांनी ती माझ्या हातात दिली.

“लहानपणी पोहायला शिकलीस तेव्हा पाठीला काय बांधलं होतं?” त्यांनी विचारलं.

“सुका भोपळा.”

“नावेला भोपळे बांधलेस तू, पोरी.”

मला हे ठाऊक नव्हतं. मी फक्त काठ्यांना घर करून दिलं होतं. वारा आत कोंडला, बुचाने तो राखला आणि पाण्याने तो मानला. यातलं काही मी योजलं नव्हतं. ओल्या लुगड्यात वाळूवर बसून मी त्या वेळूंकडे बघत राहिले, आणि यांनाही घाई नव्हती.

पुढे यांच्याकडे नावा बांधायला लोक येऊ लागले. वरच्या गावांतून आले, संगमाखालून आले. कित्येकांकडे गळाची काठीच नव्हती, तरी कुशीला वेळू हवेत म्हणून सांगत. बुचं मी करायची. मामंजींनी माझ्यासाठी एक काठी तोडून आणली आणि चुलीवर टांगली. ती मुरायला दोन पावसाळे लागले. मग मी त्यांच्या शेजारी नावेत बसून गळ टाकायला शिकले. माशाने पहिल्यांदा आमिष हुंगलं तेव्हा त्या बारीक शेंड्यातून ते माझ्या बोटांपर्यंत आलं, आणि मी श्वास रोखून बसले.