तिसऱ्या रांगेतली कबर

ओमानातल्या बरका गावच्या मासळीबाजारामागे जाळ्यांचं एक दुकान होतं. नायलॉनची जाळी, दोर, गळ, शिशाच्या गोळ्या, सगळं तिथे मिळायचं. कागदावर मालक म्हणून अर्बाबचं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या ओमानी शेठचं, नाव होतं, पण तीस वर्षांहून जास्त काळ ते दुकान चालवलं रशीद परकार यांनी. जयगडच्या खाडीकाठचा माणूस. वडील मचव्यावर तांडेल होते. पोरानं दर्यावर जाऊ नये म्हणून त्यांनी त्याला ओमानला धाडलं आणि इथे येऊन पोरगा जाळीच विकत बसला, असं ते स्वतःच सांगत.

मी सोहारला एका स्टीलच्या कारखान्यात आहे. बायकामुलं मस्कतजवळ अल अमेरातला राहतात, म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी मी मस्कतकडे गाडी हाणतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी गाडीच्या टपावरचं कपाट सैल झालं म्हणून दोर घ्यायला बरक्यात थांबलो. फोनवर बायकोशी मराठीत बोलत होतो. दोर कापता कापता समोरचा माणूस म्हणाला, "वहिनींना सांगा, गाठ मी मारून देतो. वाटेत सुटायची नाही."

तेव्हापासून दर गुरुवारचा चहा त्यांच्याकडे ठरून गेला. दुकानाच्या मागेच दोन खोल्या होत्या. तिथून खतिजाभाभी चहा पाठवत, कधी घावणे. रशीदभाई बोलताना हातातलं फाटकं जाळं सांधत राहायचे. सुईकडे बघायचेसुद्धा नाहीत.

त्यांच्या मुलीबद्दल मला भाभींनीच सांगितलं. नाव अफशा. धाकटा मुलगा अरमान पोटात होता त्या वर्षी, नव्याण्णव साली, रशीदभाई सहा वर्षांच्या अफशाला घेऊन मस्कतहून परत येत होते. टायर फुटला. गाडी तीनदा उलटली. मुलगी जागच्या जागी गेली. रशीदभाईंचं कमरेचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला. ते अकरा दिवस शुद्धीवर नव्हते आणि चार महिने इस्पितळात होते.

"मी तिला घरात बघितली, न्हाऊ घातली," भाभी म्हणाल्या होत्या. "मग माणसं घेऊन गेली. आमच्यात बायका कबरस्तानात आत जात नाहीत. पण कुंपणाची भिंत कमरेएवढीच आहे. दिसतं सगळं. तिसरी रांग, बोरीच्या झाडाजवळ."

दर शुक्रवारी उतरत्या दुपारी, असरच्या नमाजानंतर दोघं तिकडे जात. भाभी भिंतीशी उभ्या राहत. रशीदभाई आत जाऊन तिसऱ्या रांगेतल्या एका लहानशा कबरीवर पाणी शिंपडत, फातिहा म्हणत. डोक्याशी एक दगड, पायाशी एक दगड. नाव नाही, आकडा नाही. इथे कबरीवर कोणी नाव घालत नाही. मी एकदा त्यांना सोडायला गेलो होतो. भाभींचे ओठ हलत होते आणि नजर त्या दोन दगडांवरून हलत नव्हती. पंचवीस वर्षं त्या अशाच उभ्या राहिल्या.

अरमान इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकला, पुढे अमेरिकेत गेला आणि ओमाहा नावाच्या शहरात नोकरीला लागला. गावी सगळ्यांना वाटे, पोरगा बापाजवळच आहे. ओमान काय आणि ओमाहा काय. भाभी प्रत्येकाला समजावून सांगून थकल्या होत्या.

गेल्या वर्षी अर्बाब वारले. मुलांना दुकान चालवायचं नव्हतं. मुलं सभ्य होती, रशीदभाईंच्या खांद्यावर हात ठेवून बोलली, पण अर्थ एकच होता. दुकान खलास, म्हणून व्हिसाही खलास. साठी उलटलेल्या माणसाला दुसरा कोण ठेवणार? डिसेंबरअखेर देश सोडायचा होता. त्याआधी अरमाननं दोघांना महिनाभर ओमाहाला बोलावून घेतलं.

पुढचं मला रशीदभाईंनी सांगितलं. दुकान अर्धं रिकामं झालं होतं आणि आम्ही दोघं जाळ्यांच्या गठ्ठ्यांवर बसलो होतो. त्यांच्या हातात तेव्हा सुई नव्हती.

अरमान आणि त्याची बायको मेहविश त्यांना एका रविवारी नदीकाठचं संग्रहालय बघायला घेऊन गेले. मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचं. तिकीट नाही, सगळं फुकट. त्या पंथाचे मिशनरी ते चालवतात. बहुतेक निवृत्त म्हातारे-म्हाताऱ्या, छातीवर नावाची काळी पट्टी. त्यांना फिरवून दाखवायला सिस्टर हॅन्सन नावाच्या बाई आल्या. सत्तरीच्या, आधी शाळेत शिकवायच्या. भाभींचा हात हातात घेऊनच त्या चालत होत्या.

"त्यांची गोष्ट साधी होती," रशीदभाई म्हणाले. "पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्यांना राहत्या गावातून हाकललं. हजारो माणसं बैलगाड्या घेऊन निघाली. त्या नदीकाठी पोचली तर हिवाळा आला. मग तिथेच झोपड्या बांधल्या. थंडीनं, तापानं शेकडो मेली. लहान मुलं खूप. वसंत आल्यावर उरलेली पुढे गेली. मेलेल्यांना तिथेच ठेवून."

तिथे नुसतं बघायचं नव्हतं, हात लावायचा होता. दोन चाकांचा हातगाडा ओढून बघायचा. लाकडी ओंडक्यांच्या झोपडीत शिरून, दोरांनी विणलेल्या खाटेवर बसायचं. रशीदभाईंनी खाटेचा दोर दाबून बघितला आणि अरमानला म्हणाले, "बांधणारा खलाशी असणार." एका पडद्यावर बोट लावून ठरवायचं की गाडीत काय भरायचं. पीठ, नांगर, कपडे, घड्याळ. वजन जास्त झालं की गाडी लाल व्हायची. भाभींनी पाळणा निवडला. गाडी लाल झाली. त्यांनी पीठ काढून टाकलं, पाळणा ठेवला. सिस्टर हॅन्सन हसल्या आणि म्हणाल्या, सगळ्या आया असंच करतात.

शेवटच्या दालनात त्या छावणीतल्या मेलेल्यांची यादी होती. पडद्यावर एखादं नाव दाबलं की भिंतीवरच्या नकाशात त्या कबरीचा दिवा लागे. वय, तारीख, आजार, कबरीचा आकडा. भाभींनी अरमानला विचारायला लावलं की हे सगळं कोणाला ठाऊक.

"कबरी खणणारा माणूस वहीत लिहून ठेवायचा," सिस्टर हॅन्सन म्हणाल्या. "प्रत्येकाचं. पुढे जाणाऱ्यांना वाटायचं, आपलं मूल इथे कुठे आहे ते कोणाला तरी माहीत असावं."

भाभी त्या दिव्यांकडे बघत राहिल्या. मग अरमानला म्हणाल्या, "तिला सांग, आमची पण आहे एक. आम्हाला पण आता तिला ठेवून जायचंय."

अरमानने सांगितलं. एरवी आईचं बोलणं इंग्रजीत सांगताना तो अडखळे, पण हे त्याला नीट सांगता आलं, कारण बहिणीची कबर त्यानं लहानपणापासून बापाच्या बोटाला धरून बघितली होती. सिस्टर हॅन्सनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, त्यांची श्रद्धा अशी की मरणानंतर कुटुंब पुन्हा एकत्र येतं. भाभी म्हणाल्या, आमच्यातही तसंच म्हणतात. मग बाईंनी टेबलावरून एक जाड कागद आणि पेन घेतलं. म्हणाल्या, मी लिहून देते. मुलीचं नाव, वय, गाव, कबर कुठे ते. तुमच्याकडे राहील. तुमच्या मुलाकडे, त्याच्या मुलांकडे.

त्यांनी ठळक अक्षरात नाव लिहिलं. अफशा रशीद परकार. वय सहा. बरका, ओमान.

"तिसरी रांग," भाभी म्हणाल्या. "ऐकलंत? बोरीपासून कितवी ते सांगा. लांबून मला मोजता नाही येत."

रशीदभाईंनी बाईंच्या पेनाकडे बघितलं.

"अब्बा, which number?" अरमान म्हणाला.

"लिहू नको म्हणावं," रशीदभाई म्हणाले.

"का?"

"मला माहीत नाही."

भाभींना आधी वाटलं, आकडा माहीत नाही. त्या म्हणाल्या, परत गेल्यावर मोजू. तेव्हा रशीदभाईंनी सगळं सांगितलं, त्या दालनात उभ्याउभ्याच. ते इस्पितळात असताना ओळखीच्या चौघांनी मुलीला पुरलं होतं. चार महिन्यांनी कुबड्या घेऊन ते कबरस्तानात गेले, तोवर आजूबाजूला कितीतरी नव्या कबरी झाल्या होत्या. उन्हाळ्यात तापाची साथ होऊन गेली होती, त्यात लहान मुलांच्याही होत्या. चौघांतले दोघं सोबत आले. एकानं इकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं तिकडे. मग दोघंही म्हणाले, नक्की सांगता येत नाही. बाहेर भिंतीशी खतिजा उभी होती, आठवा महिना भरत आला होता. तिला काहीतरी दाखवायला हवं होतं. बोरीजवळची एक लहान कबर बरी दिसली. ते तिच्यापाशी जाऊन बसले.

"तोंडानं बोललेलं एक असतं, अतुलभाऊ," ते मला म्हणाले. "पण ती परकी बाई माझ्या मुलीचं नाव लिहून त्याच्याखाली दुसऱ्याच कोणाची तरी कबर लिहिणार होती. ते माझ्यानं होईना."

"भाभी काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मग मी इतकी वर्षं कोणाला बघत होते?"

अरमाननं बाईंना काहीच भाषांतर करून सांगितलं नाही. त्या पेन धरून वाट बघत होत्या. भाभी तिथून निघाल्या आणि झोपडीतल्या दोरांच्या खाटेवर जाऊन बसल्या. लहान मुलं बघायला आली होती, ती त्यांच्या आजूबाजूला उड्या मारत होती. अर्ध्या तासानं मेहविशनं त्यांना हाताला धरून उठवलं. सिस्टर हॅन्सननी तो कागद, कबरीची ओळ रिकामी ठेवून, मेहविशच्या पर्समध्ये घातला.

परत आल्यावर भाभी बोलत नव्हत्या असं नाही. जेवायला वाढायच्या, सामान बांधायच्या, काय विकायचं काय न्यायचं ते विचारायच्या. पण शुक्रवारी असरनंतर रशीदभाई चप्पल घालून उभे राहिले तेव्हा त्या कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या.

रशीदभाई शोधाला लागले. पुरणाऱ्या चौघांतले दोघं मरून गेले होते. एकाचा ठावठिकाणा नव्हता. चौथे, इम्रान, रायगडला म्हसळ्याजवळ राहत होते. त्यांना स्पीकरवर फोन लावला तेव्हा मी दुकानात होतो.

"दादा, तेव्हा ऊन काय होतं, वारं काय होतं," इम्रान म्हणाले. "डोळ्यांत वाळू जात होती. बोर होती हे आठवतं. पण बोरी तेव्हा दोन होत्या बहुतेक. एक तोडली पुढे."

"कुठली? डावीकडची?"

"आता उगाच काहीतरी सांगितलं तर मला गुनाह लागेल, दादा. माफ करा."

कबरस्तानाची देखभाल करणारा नबील नावाचा ओमानी म्हातारा होता. त्याच्याकडे त्या वर्षांची वही नव्हती, कधी कोणी ठेवलीच नव्हती. तो अरबीत म्हणाला, सगळ्या कबरी अल्लाला ठाऊक आहेत. रशीदभाईंनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "त्याला ठाऊक आहे हो. मला नाही ना."

डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला दुपारचं विमान होतं. त्यांना न्यायला मी सकाळीच गेलो. दुकानाचं शटर बंद होतं, पाटी आधीच काढलेली. भाभी मागच्या सीटवर बसल्या. कबरस्तानाच्या वळणावर रशीदभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी गाडी हळू केली.

"थांबवा हवं तर," भाभी मागून म्हणाल्या. "मी उतरणार नाही."

रशीदभाई एकटे आत गेले. तिसऱ्या रांगेपर्यंत गेले नाहीत. दारातून चार पावलांवर थांबले, मग उजवीकडे चालू लागले, मग परत फिरले. मोडक्या कमरेमुळे ते एका बाजूला झुकून चालतात. कुठे थांबावं ते त्यांना कळत नव्हतं. हात दुव्यासाठी उचलायचे, पुन्हा खाली घ्यायचे. वीसेक मिनिटं ते तसे फिरत राहिले. मी आरशात बघितलं. भाभी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होत्या.

ते येऊन बसले. गाडी हायवेला लागल्यावर भाभींनी विचारलं, "लहान किती आहेत?"

"काय?"

"लहान कबरी. किती आहेत?"

"मोजल्या नाहीत."

"मोजायच्या होत्या," त्या म्हणाल्या.

विमानतळावर रशीदभाईंनी मला मिठी मारली. भाभींनी डोक्यावरून ओढणी सारखी केली आणि मुलांना जपा म्हणाल्या.

फेब्रुवारीत जयगडहून फोन आला. तब्येती ठीक होत्या. गावातलं घर दुरुस्त करून घेतलं होतं. भाभी फार बाहेर पडत नाहीत, म्हणाले. मग थांबून थांबून बोलले, "एक काम होतं. तुम्ही जाता येता तिथूनच जाता. त्या लहान मोजाल का? तिनं परत विचारलं."

पुढच्या गुरुवारी मी गेलो. ऊन उतरलं होतं. मी एका कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि ओळीओळीनं मोजत गेलो. एकतीस झाल्या. पुन्हा मोजल्या तर चौतीस. कित्येक ठिकाणी पायाचा दगड वाळूत बुडालेला, मग ती कबर लहान मुलाची की मोठ्या माणसाची, कळायला मार्ग नाही. काही ठिकाणी नुसता उंचवटा होता. तिसऱ्यांदा मोजायला गेलो आणि मध्येच विसरलो. अंधार व्हायच्या आत गाडीत येऊन बसलो आणि फोन लावला.

"तेहतीस," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी आकडा स्वतःशी एकदा म्हणून बघितला. मग म्हणाले, "बरं. सांगतो तिला."