बाइंडरला कळलं का?

“जा, समोरच्या बाइंडरला सांगून ये. त्याला कळलं तर तुला कळलं.”

बाई हे असं दारात उभं राहून, चष्म्याची काडी माझ्या दुकानाकडे रोखून म्हणायच्या. तो बाइंडर म्हणजे मी. तासगावच्या एसटी स्टँडमागच्या बोळात माझं पुस्तकं बांधायचं दुकान आहे आणि समोरच्या घरात बाई एकट्या राहायच्या. हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. आणि समोरून मला सांगायला कोण यायचं, तर विमान चालवायला शिकणारी पोरं-पोरी.

तुम्ही म्हणाल, बाईंचा आणि विमानाचा काय संबंध? काहीही नाही. बाईंना मिरजेपर्यंतची एसटीसुद्धा सोसायची नाही, लिंबू हुंगत जायच्या. पण त्यांचा एक जुना विद्यार्थी पायलटच्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक घेऊन आला आणि म्हणाला, “बाई, ह्यातलं इंग्रजी तेवढं सांगा.” बाईंनी ते आठवडाभर ठेवून घेतलं नि परत देताना म्हणाल्या, “इंग्रजी बरं आहे. पण लिहिणाऱ्यालाच विमान कळलेलं नाही. दुसरं आण.”

असं करत बाईंनी ढीगभर पुस्तकं वाचली आणि बहुतेक नापास केली. पास झाली पाच. त्या पाचांची यादी कागदावर लिहून त्या येईल त्याला द्यायच्या, आणि ती न्यायला पार उंब्रजपासून पोरं यायची. पहिलं पुस्तक विमान का उडतं याचं, ते सगळ्यात बारीक. दुसरं हवामानाचं. तिसरं नकाशांचं. चौथं नियमांचं, ते मला शिवू द्यायच्या नाहीत. “नियम बदलतात, पानं सुटीच राहू द्या,” म्हणायच्या. पाचवं नुसतं अपघातांचं होतं. ते देताना बजावायच्या, “हे जेवल्यावर वाचायचं नाही.”

बाईंच्या घरी या पाचही पुस्तकांचा एक संच असायचा. हातोहात फिरून पुस्तकं खिळखिळी झाली की माझ्याकडे यायची. बाइंडरला पुस्तक वाचावं लागत नाही, मळलेली पानं बघितली की पुरतं. हवामानाचं पुस्तक धुक्याच्या प्रकरणापर्यंत काळं झालेलं असायचं आणि पुढं कोरं करकरीत. पोरं धुक्यातच अडकायची.

बाईंचा नियम एकच. हातातलं पुस्तक मला समजावून सांगितल्याशिवाय पुढचं मिळायचं नाही. मीच का, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, “गावात सगळ्यांना सगळं कळतं. तुम्हाला कळत नाही आणि तुम्ही तसं सांगता. असा माणूस मिळत नाही, बाइंडर.” ही स्तुती आहे असं मी धरून चाललो. बायकोनं मात्र तसं धरलं नाही.

मग रोज कोणी ना कोणी दुकानात स्टुलावर बसायचं आणि मी खळ लावता लावता ऐकायचो. “चाचा, पंख वारा खाली ढकलतोय, म्हणून विमान वर जातंय.” मी म्हणायचो, “न्हाई कळलं. परत सांग.” लय मजा यायची. कलेक्टरला मिळत नसेल एवढा मान मला त्या दोन शब्दांवर मिळायचा.

पण पंधरा-वीस जणांनी तेच तेच सांगितल्यावर दगडालाही कळेल, मी तर माणूस. हळूहळू मला विमान कळायला लागलं. हवामानही कळलं. हे मी बाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर स्टूल रिकामं पडलं असतं.

त्यात कोमल आली. घरचं बेदाण्याचं शेड, पोरगी हुशार पण बुजरी. धुक्याशी येऊन ती अडखळली. “जमीन गार पडली की चाचा... हवा बी... म्हंजे त्यात पाणी...” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिची दया आली, आणि पुढचं सगळं मला ठाऊकच होतं. मी म्हणालो, “व्हय, कळलं. जा, सांग बाईंना.”

कोमल हवामानाच्या पेपरात नापास झाली. घरच्यांनी बजावलं, अजून एकदाच बस, मग गप बी.एड. कर.

बाई चप्पल न घालता बोळ ओलांडून आल्या. “बाइंडर, धुकं कसं पडतं?”

मी घडाघडा सांगितलं. सांगून झाल्यावर लक्षात आलं की मी काय केलं.

“छान. हे तुम्हाला तिच्याकडून कळलं?”

“न्हाई, आधीच कळलं हुतं,” मी कबूल केलं. बाई म्हणाल्या, “तुम्ही शिकलात. आता तुमचा उपयोग नाही.” एवढं बोलून गेल्या. मला माणसं पुष्कळ बोललीत, पण शिकलो म्हणून कुणी काढून टाकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि पोरीचं तर त्याहून जास्त.

कोमलला बाईंनी तिच्याच शेडवर बेदाणा निवडणाऱ्या बायकांकडे धाडलं. त्या बायका माझ्यासारख्या दयाळू नव्हत्या. “न्हाई कळलं गं बाय. बागंत दव पडतंय, मग रस्त्यावर धुकं का? धड सांग.” महिनाभर त्यांनी तिला पिळून काढलं. शेवटी एक म्हातारी म्हणाली, “आता कळलं. एवढं सोपं हुतं तर आदी का न्हाई सांगितलंस?” कोमल पास झाली. पेढे द्यायला माझ्याकडे आली, तेव्हा मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “जाऊ द्या चाचा, तुमी लय लवकर शिकला.”

पुढं बाईंना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो तर उशाशी स्टूल होतं. त्यांनी मला बसवलं.

“डॉक्टरांनी मला समजावलंय. आता मी तुम्हाला सांगते. हे तरी तुम्हाला आधी ठाऊक नाही ना?”

“न्हाई, बाई.”

बाईंनी वहीच्या कागदावर हृदयाचं चित्र काढलं. कुठली झडप बिघडली, रक्त कुठं मागं फिरतं, ऑपरेशन का करता येत नाही, सगळं नीट क्रमानं सांगितलं. इतकं सोपं मला आजवर कुणी काही सांगितलं नव्हतं. पहिल्याच खेपेला कळलं.

“कळलं का, बाइंडर?”

“न्हाई कळलं, बाई. परत सांगा.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग कागद उलटा केला आणि दुसरं चित्र काढायला घेतलं, पहिल्यापेक्षा मोठं.