एकट्याचा फोटो

फ्रेमिंगचं दुकान काढायचं तर काच नीट कापता आली पाहिजे, असं मला वाटायचं. ती मी पुण्यात एका दुकानात तीन वर्षं कापली. ते सोपं निघालं. जागा मिळवणं अवघड असतं, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

माल मी आधीच आणून बसले होते, हा माझा आगाऊपणा. फ्रेमच्या पट्ट्या, काचा, जाड कागद, सगळं विंझरला सासरच्या शेळ्यांच्या गोठ्यात. सासूबाईंनी मुदत दिली, "शेळ्या व्यायच्या आत तुजं काचेचं हितनं हाललं पायजे." नाही हललं तर माल परत आणि मी परत पूर्वीच्या कंपनीत पॅकिंगला. रोज सकाळी उठून मी आधी शेळ्यांची पोटं बघायचे.

गावात मिळालेली पहिली जागा पिठाच्या गिरणीला लागून होती. नमुना म्हणून राजगडाचा फोटो फ्रेम केला, तर काचेच्या आत इतकं पीठ बसलं की गड चढायला पालीकडं निघालेल्या एका ट्रेकरनं विचारलं, इथं बर्फ कधी पडतो? चौथ्या दिवशी मी गाशा गुंडाळला.

भोरमध्ये दुसरीच तऱ्हा. गाळ्याचे मालक आधी कौतुकानं ऐकायचे. पोरांची चित्रं, लग्नाचे फोटो, वा वा. मग विचारायचे, "आन् गेलेल्या मानसांचे?" तेच जास्त असतात, असं मी खरं सांगून टाकायचे, आणि गाळ्याला लगेच कुलूप लागायचं. एकानं सल्ला दिला, फक्त देवांचे करा. म्हटलं, देव रोज येणार आहेत का माझ्याकडं?

शेवटी एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर भेटले. एकटेच राहायचे. घरापुढचा गाळा कित्येक वर्षं बंद. मेलेल्यांचं त्यांना वावडं नव्हतं. "पर गाळा आमा दोघा भावांचा हाय. धाकट्याची सही लागंल. आन् त्यो माझ्याशी बोलत न्हाई." कशावरून, तर बांधावरच्या आंब्यावरून.

मी स्कूटी काढली आणि धाकट्यांचं गाव, हिर्डोशी, गाठलं. धाकटे म्हणाले, "त्यानं सोता यिऊन इचारावं." परत भोरला. थोरले म्हणाले, "म्या न्हाई जायाचा. मी मेलो की यील त्यो, तवा घे सही." असल्या माणसांपुढं काय कपाळ फोडायचं? इकडं दोन शेळ्यांच्या कासा भरून आल्या होत्या.

"तवर माजा एक फोटो कर," थोरले म्हणाले, "तुजं काम तरी बघू." नोकरीतला, टोपी घातलेला फोटो त्यांनी दिला. मी सोनेरी पट्टी लावून झकास फ्रेम करून आणली, उजेडात कशी दिसते बघायला गाळ्याचं शटर वर केलं, समोरच्या खिळ्याला ती टांगली आणि आत त्यांच्याबरोबर चहा प्यायला बसले.

इथं माझं चुकलं. आमच्याकडं फ्रेममध्ये जोडीनं फोटो असला तर ठीक. एकट्या म्हाताऱ्याचा, दाराकडं तोंड करून लावलेला, म्हणजे माणूस गेला. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. डोक्यातच आलं नाही. चहा संपेपर्यंत बाहेर चपलांचा ढीग.

मी सांगायला उठले, तर थोरल्यांनी दटावलं, "बस खाली. बघू कोण कोण येतंय." आणि स्वतः दाराआड खुर्ची ओढून बसले. बाहेर एक बाई म्हणत होती, किती देवमाणूस. थोरले आतून पुटपुटले, "हिनं कदी तिकीट काढलं न्हाई." लोकांना असं फसवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

दुपारी हिर्डोशीहून टेम्पो भरून भावकी आली. पुढं धाकटे, हातात हार. आता मात्र मी उठलेच. पण मी दारात पोचेपर्यंत त्यांनी फोटोला हार घातला होता. मग हळूच म्हणाले, "दादा, आता तरी बोल की."

आतून आवाज आला, "आदी तूच बंद केलंस."

निम्म्या बायका किंचाळत टेम्पोत चढल्या. धाकटे जागचे हलले नाहीत. फोटोकडंच बघत म्हणाले, "आंबा माज्या हद्दीत व्हता."

"माज्या," थोरले दारात येऊन म्हणाले.

मग तासभर भांडण झालं. मी सगळ्या भावकीला चहा केला. भांडण ऐकून कुणाला रडू येतं का? मला आलं. संध्याकाळी धाकट्यांनी सही केली, पण एक अट घातली, "ह्येचा फोटो खाली घे. बघवत न्हाई."

मी दोघांना शटरपुढं उभं केलं आणि मोबाईलवर फोटो काढला. एकमेकांकडं बघायला दोघंही तयार नव्हते, पण खांदे लागलेले आलेत. आता खिळ्याला तोच आहे. त्याच्यापुढं कुणी चपला काढत नाही. शेळ्या त्याच आठवड्यात व्याल्या, मोकळ्या गोठ्यात.

एकट्याचा फोटो कुणाकडं देऊ म्हटलं, तर दोघांनीही नको म्हटलं. तो माझ्याकडंच, दुकानाच्या माळ्यावर आहे, भिंतीकडं तोंड करून. तो मागायला धाकट्यांनी कधी येऊ नये, असं मला फार वाटतं. ते बाजाराच्या दिवशी येतात, दारातनं आधी माळ्याकडं बघतात, मग विचारतात, "दादा हाय का घरात?" मी म्हणते, हायेत, आणि चहा टाकते.