सकाळची ती, दुपारची ती

यंत्रांच्या सुट्या भागांची पुस्तकं तयार करणं हा आमच्या कंपनीचा धंदा. परदेशात कुठे पंप बिघडला तर कोणता भाग मागवायचा, त्याचा नंबर काय, चित्रात तो कुठे बसतो, हे आम्ही लिहून देतो. बडोद्याच्या अकोटा भागातलं ऑफिस बंद करून मालकांनी सगळ्यांना घरी बसवलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. सुभानपुऱ्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीला काचा लावून घेतल्या, टेबल टाकलं आणि तिथून टीम चालवायला शिकलो. शिकलो म्हणजे, स्क्रीन शेअर करताना बायकोचे मेसेज सगळ्यांना दिसणार नाहीत इतपत.

ऑफिसात कोण कामचुकार आहे ते चहाच्या वेळी आपोआप कळायचं. आता माणसं दिसेनाशी झाली आणि मला त्यांचे आवाज ऐकायची सवय लागली. मागे कुकरची शिट्टी झाली की हा स्वयंपाकघरात बसलाय, हॉर्न ऐकू आले की हा भलतीकडेच फिरतोय. असं मनात नोंदवत राहायचो. कोणाला बोलून दाखवत नसे, एवढंच.

एक जागा रिकामी झाली म्हणून मी तीन जणांच्या मुलाखती घेतल्या आणि एका बाईंना निवडलं. तिशीतल्या, चष्मा लावणाऱ्या, बोलायला एकदम स्वच्छ. माहेर भुसावळ, नवरा रेल्वेत, राहायला प्रतापनगरच्या क्वार्टर्समध्ये. मुलाखतीत व्हिडिओ होता. कामावर रुजू झाल्यावर मात्र कॅमेरा कायमचा बंद. "सर, आमच्याकडे नेट वीक आहे," असं त्या म्हणाल्या. यात नवल नव्हतं. टीममधल्या निम्म्या लोकांचं नेट कॅमेऱ्यापुरतंच वीक असायचं.

पहिल्या महिन्यातच मला खटकायला लागलं. सकाळी त्या तक्ते सूत्रं घालून करायच्या, फाइलला नीट नाव द्यायच्या. दुपारी त्याच बाई आकडे एकेक करून हातानं उतरवायच्या आणि फाइलला नाव द्यायच्या 'नवीन', मग 'नवीन फायनल', मग 'नवीन फायनल खरी'. उलट चित्रांवर खुणा करायचं काम दुपारी सुरेख व्हायचं आणि सकाळी कसंबसं. बोलणंही तसंच. सकाळी "हो सर, बघते" आणि दुपारी "चालशे, सर". आवाज जवळजवळ सारखा, पण दुपारी जरा दबका. मागे रेल्वेच्या इंजिनाची शिट्टी दोन्ही वेळेला यायची, म्हणजे घर तेच होतं.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, जेवणानंतर माणूस सुस्तावतो. तुमचा आवाज दुपारी कसा येतो ते एकदा रेकॉर्ड करून ऐका."

"सुस्तावलेला माणूस गुजराती बोलायला लागतो का?"

"बडोद्यात? लागतो की."

माझं समाधान झालं नाही. एका दुपारी कामाचं बोलणं संपल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय हो, तुमच्याकडे केळी स्वस्त असतील ना?"

"आमच्याकडे कुठे, सर? नवसारीला तर चिकू..." आणि मग घाईघाईनं, "हां, हां, भुसावळ. माहेरी. हो, केळी खूप."

मी बरं म्हणून फोन ठेवला.  चोर सापडल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. गिऱ्हाइकांची गुप्त चित्रं आम्ही ज्या पासवर्डनं उघडतो तो कोणा भलत्याच माणसाकडे आहे, आणि त्या माणसाला निवडणारा मी आहे, एवढंच डोक्यात फिरत होतं.

त्याच आठवड्यात एका पुस्तकात चुकीचं चित्र गेलं. झडपेच्या पानावर दुसऱ्याच पंपाचं झाकण. गिऱ्हाइकाची तक्रार आली आणि अहमदाबादला बसणाऱ्या आमच्या साहेबांचा मला फोन आला. आधी चित्राबद्दल बोलले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक वात पूछूं? ए बेन तमारां सगां थाय छे?"

मी म्हटलं, "माझ्या नात्यातल्या? ना साहेब. का?"

"तमे पण मराठी, ए पण मराठी. तिघांतून तुम्ही तिलाच घेतलं. कॅमेरा लावत नाही तरी तुम्ही काही बोलत नाही. लोक विचारतात."

कोण लोक, ते काही त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून टीमच्या मीटिंगमध्ये मला प्रत्येकाच्या गप्प राहण्याचा वेगळाच अर्थ लागू लागला. मी बाईंवर नजर ठेवून होतो, तसं माझ्यावरही कोणीतरी नजर ठेवून होतं.

कंपनीनं सगळ्यांना नवे हेडफोन पाठवले होते. बडोद्यातल्यांचे माझ्याकडे आले होते, वाटायला. बाईंचा खोका मी मुद्दाम मागे ठेवला आणि एका दुपारी न कळवता निघालो. अकोट्याचा पूल ओलांडून दांडियाबाजारातून प्रतापनगरला पोचेपर्यंत स्कूटरवर मी चार वेगवेगळी भाषणं तयार केली होती.

दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. साखळी काढली नाही, फटीतूनच विचारलं, "कोण पाहिजे?"

मी कंपनीचं नाव सांगितलं, खोका दाखवला.

"आम्ही काही मागवलेलं नाही."

"मागवलेलं नाही, आजी. कंपनीनं दिलंय. तुमच्या सूनबाई माझ्या टीममध्ये आहेत."

"असं सगळेच सांगतात. मागल्या गल्लीत एकाला असाच पोलिसाचा फोन आला होता, दिवसभर कोंडून ठेवला त्याला फोनवर. ओटीपी बिटीपी काही मिळणार नाही."

मी ओळखपत्र काढून दाखवलं. त्यांनी ते फटीतून आत घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. "हल्ली ही पण खोटी छापतात. फोटोत केस काळे आहेत."

मी ओळखपत्र परत खिशात ठेवलं. पण त्यांच्या खांद्यावरून आतली खोली दिसत होती. खिडकीजवळ टेबल होतं, त्यावर आमचा लॅपटॉप, आणि समोर हेडफोन लावून पाठमोरी बसलेली एक बारीकशी मुलगी. मी मुलाखत घेतली ती ही नव्हती. तिनं मागे वळून पाहिलं, मला ओळखलं आणि ताडकन उभी राहिली. मीटिंगमध्ये माझा कॅमेरा रोज चालू असायचा. ती मला रोज पाहत होती. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो.

"आई, दार उघडा," ती म्हणाली. "सर आहेत."

आवाज दुपारचा होता.

ती बाईंची धाकटी जाऊ असल्याचं कळलं, माहेर नवसारीचं. थोरली, म्हणजे आमची खरी कर्मचारी, कॉलेजात गेली होती. दुपारचं बीएड करत होती. धाकटीनं फोन करून तिला बोलावून घेतलं. ती येईपर्यंत आम्ही तिघं त्या खोलीत बसून राहिलो. चहा झाला.  सासूबाई माझ्या खिशातल्या मोबाइलकडे बघत होत्या.

थोरली धापा टाकत आली आणि उभ्या उभ्याच बोलली. "सर, आमच्या घरचा नियम आहे. एकीनं नोकरी करायची, एकीनं घर बघायचं. नोकरी दोघींनाही हवी होती. मग आम्ही अर्धी अर्धी केली."

"नियम माझाच आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि एकच नोकरी आहे ना? मग बिघडलं कुठे?"

"आजी, नोकरी एकीच्या नावावर आहे."

"पगार एकाचाच घेतात ना? माणसं दोन मिळतात. कंपनीचा फायदाच की."

मी थोरलीला विचारलं, "झडपेच्या पानावरचं चित्र कोणी बदललं?"

"मी," थोरली म्हणाली.

"मी, सर," धाकटी म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. आधीच ठरवून ठेवलं होतं की आयत्या वेळी दोघींनाही तेच सुचलं, मला अजून ठरवता येत नाही. बीएडचं तरी खरं असेल ना, की थोरली दुपारी दुसऱ्याच कंपनीत बसत असेल, हाही विचार मनात येऊन गेला. कॉलेजची पिशवी खांद्यावर होती, पण पिशवी कोणीही लावतं.

"मला हे वर सांगावं लागेल," मी म्हटलं.

"सांगा," थोरली म्हणाली. "फक्त हिचं काम चांगलं आहे, तेही सांगा."

मी दोन्ही सांगितलं. साहेबांनी पहिलं तेवढं ऐकलं. संध्याकाळपर्यंत बाईंचं खातं बंद झालं. धाकटीनं पुढे स्वतःच्या नावानं अर्ज पाठवला, तो मी वर धाडला, पण त्याचं उत्तर आलं नाही. काही महिन्यांनी थोरलीचा मेसेज आला, धाकटीला दुसरीकडे काम मिळालंय, पूर्ण दिवसाचं. सासूबाईंचा नियम कसा मोडला, ते तिनं लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नाही.

त्या बाई माझ्या नात्यातल्या नाहीत हे साहेबांना पटलं असावं. निदान परत कधी विचारलं नाही. पण त्यांनी हुकूम काढला की यापुढे टीमनं दिवसभर कॅमेरा चालू ठेवायचा. सकाळपासून माझ्यासमोर सगळ्यांचे चेहरे. कोणी जांभई देतंय, कोणी नाक पुसतंय, कोणाच्या मागून टॉवेल गुंडाळलेले वडील जातायत. पूर्वी मी नुसते आवाज ऐकून अंदाज बांधायचो. आता दिसत होतं तरी अंदाज थांबले नाहीत. उलट हा खाली का बघतोय, ही कोणाशी हसली, असे नवे सुरू झाले.

टीममधला सर्वांत जुना ड्राफ्ट्समन, जो ऑफिसात माझ्या शेजारी बसायचा, त्यानं एकदा फोन करून सुनावलं. "सर, तुम्ही एका बाईला पकडलंत आणि आम्हा सगळ्यांना कोंडलंत. माझी सून माझ्यासमोरून पाण्याचा ग्लास न्यायलाही बिचकते."

"हुकूम वरचा आहे," मी म्हटलं.

"हुकूम वरचा. पण बघत बसता तुम्ही."

दुसऱ्या दिवशी त्यानं कॅमेरा बंद ठेवला. कारण विचारलं तर म्हणाला, नेट वीक आहे. त्या आठवड्यात आणखी दोघांचं नेट वीक झालं. मी कोणाला काही बोललो नाही. साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं, ते अजून ठरवलेलं नाही.