सोन्याच्या काचेवरची रेघ

आमच्या वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. दागिन्यांची हौस शून्य, पण उभा जन्म सोन्यात गेला. प्रयोगशाळेत त्या काचेच्या इवल्या तुकड्यांवर सोन्याचा थर चढवायच्या. इतका पातळ, की उजेडाला धरला तर सोनं हिरवट दिसायचं.

"या सोन्यावर आजार पकडणारे रेणू बसवायचे, वहिनी. वरून रक्ताचं पाणी सोडायचं. हवं ते चिकटलं, की परतणारा प्रकाश जरासा बदलतो. रंग लावायला नको, खूण करायला नको."

"म्हणजे खाट करकरली, की समजायचं कुणीतरी बसलं."

"तुम्हीच या आता शिकवायला!"

एका उन्हाळ्यात वरच्या कचेरीतले पाहुणे हे यंत्र बघायला येणार होते. पसंत पडलं तर वन्संची खोली राहणार, नाहीतर तिथे मोडक्या खुर्च्या. त्या जेवण विसरतील म्हणून मी डबा घेऊन गेले आणि कोपऱ्यात बसले.

वन्संनी रक्ताच्या पाण्याचा थेंब काचेवर सोडला. पडद्यावरची रेघ चढली, चढतच गेली. प्रयोगशाळेच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. वन्संनी मात्र नुसतं, आजार नसलेलं खारं पाणी सोडून पाहिलं. रेघ तरीही चढतीच! मग लक्ष गेलं वर. पाहुण्यांना उकडू नये म्हणून शिपाईमामांनी एसी लावून झोत नेमका यंत्राकडे वळवला होता. सोन्याला गारवाही कळतो.

साहेब कुजबुजले, "ताई, राहू दे ना. पाहुणे खूश आहेत."

"पाहुणे जातील हो. रोग्याला काय सांगू? तुझा आजार नव्हता, आमचा एसी होता?"

एसी बंद झाला. मामांनी कान पकडले. कोट घातलेले पाहुणे फायलींनी वारा घेत बसले. मी गार पाण्याची बाटली टेबलावर ठेवायला गेले, तर वन्संनी माझ्यावरच डोळे वटारले.

बऱ्याच वेळाने रेघ शांत झाली. खाऱ्या पाण्याला हलली नाही. थेंबाला मात्र किंचित उठली आणि तिथेच राहिली.

"एवढीशीच?" एक पाहुणा घाम पुसत म्हणाला.

"एवढीशीच. पण खरी."

खोली राहिली. वन्सं गेल्या, त्यालाही आता वर्षं झाली. त्यांची एक बिघडलेली काच माझ्या आरशापाशी असते. नात एसी लावते, तेव्हा मी ती उचलून झोतातून बाजूला ठेवते. उगाच आपली.