रामेश्वरजी उष्ट्या हाताने ट्रॅक्टरसमोर उभे राहिले

मंडळी, अंगाची माती अजून धुतली नाहीये, पण हे आत्ताच सांगायचंय.

शाळेतून रिटायर झाल्यावर मी गौतमपुऱ्याच्या शेतासाठी एक जुना ट्रॅक्टर घेतला. त्याचे फोटो टाकून टाकून मी तुम्हा सगळ्यांना बोर केलंय. आज गुडघाभर मक्यातलं तण काढायला तोच घेऊन निघाले.

बांधापाशीच शेजारचे रामेश्वरजी जेवता जेवता उठून, उष्ट्या हातानेच पळत आले आणि सरळ ट्रॅक्टरसमोर उभे राहिले. "बहनजी, रुको! सब कुचल जाएगा!"

मला रागच आला. माझं शेत, माझा ट्रॅक्टर!

त्यांनी मला उतरवून ट्रॅक्टरच्या पोटाखाली बघायला लावलं. पोट इतकं खाली, की सगळा मका मोडलाच असता. हा नांगरणीचा ट्रॅक्टर. त्यांचाही तितकाच जुना, पण उंच. पुढची दोन चाकं अगदी चिकटून, मागची ओळींच्या मापाने सरकवता येणारी. उभ्या पिकात तसाच लागतो म्हणे. मग तोच आणून त्यांनी माझं अख्खं शेत करून दिलं. एक रोप मोडलं नाही.

मी विचारलं, "मी घेतला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

हसून म्हणाले, "उस दिन आप पेड़े बाँट रही थीं, बहनजी."

गप्प कधी राहायचं आणि हात न धुता कधी धावायचं, हे इतकी वर्षं शिकवूनही मला येत नाही. तुमच्या बांधाला असं कोण आहे?